लॉगची मांडणी (ईएसपी३२ फर्मवेअर)

पडदा नाही, कीबोर्ड नाही, अशा यंत्राच्या पोटात काय चालले आहे ते कळते सीरियल पोर्टमधून बाहेर पडणाऱ्या ओळींवरून. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीच्या ईएसपी३२ चिपवर या ओळींचे रूप ईएसपी-आयडीएफ या विकाससंचातील मेन्यूकॉन्फिगमधून ठरवता येते.

नेहमीची ओळ अशी : ‘आय (३२८) सेन्सर: तापमान २९’. पहिले अक्षर पातळीचे. एरर, वॉर्निंग, इन्फो, डीबग, व्हर्बोज यांपैकी एकाचे इंग्रजी आद्याक्षर. कंसात चिप सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद, पुढे टॅग, म्हणजे ओळ ज्या भागातून आली त्याचे नाव. मिलिसेकंदांचा हा आकडा ३२ बिटांचा असल्याने सुमारे ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यापासून सुरू होतो. त्याऐवजी घड्याळी वेळही छापता येते. पण इंटरनेटवरून घड्याळ लावून घेतलेले नसेल, तर ती नुसती शोभेची.

प्रत्येक अक्षराला वेळ लागतो, हे मात्र मांडणी ठरवताना हमखास विसरले जाते. ११५२०० बॉडला सेकंदाला ११५२० अक्षरे जातात, कारण एका अक्षरामागे १० बिट खर्च होतात. म्हणजे ८० अक्षरांची ओळ ७ मिलिसेकंद घेते. ९६०० बॉडला तीच ८३. पोर्टचा १२८ बाइटांचा बफर भरला की लॉग लिहिणारे काम तिथेच खोळंबते. मोटर सांभाळणाऱ्या लूपमध्ये हे परवडत नाही. रंगांचीही किंमत आहेच : हिरवा रंग लावायला ७ आणि काढायला ४, अशी ओळीमागे ११ जादा अक्षरे. लॉग फाईलमध्ये साठवला की तीच कचऱ्यासारखी डोळ्यांत खुपतात.

पातळी टॅगनुसार चालू फर्मवेअरमध्येही बदलता येते. पण कमाल पातळी ‘इन्फो’ ठेवून कंपाइल केले, तर डीबगचे संदेश फ्लॅशमध्ये पोचतच नाहीत. मग नंतर पातळी वाढवून उपयोग शून्य.

अक्षरांचा खर्च वाचवायला झेफर या कार्यप्रणालीने वेगळा मार्ग काढला. तिच्या डिक्शनरी लॉगिंगमध्ये मजकूर संगणकावरच राहतो, तारेवरून फक्त त्याचा संदर्भ आणि आकडे जातात, आणि ओळ जुळते वाचणाऱ्याच्या बाजूला.

चिपच्या रॉममधून येणाऱ्या सुरुवातीच्या ओळी मात्र या मांडणीला जुमानत नाहीत. जुन्या ईएसपी८२६६ चिपचा रॉम ४० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल गृहीत धरून ११५२०० बॉड लावतो. बोर्डांवर बहुधा २६चा असतो. त्यामुळे प्रत्यक्ष वेग पडतो ७४८८०, आणि टर्मिनल त्या आकड्यावर आणेपर्यंत नवशिक्याला नुसती अगम्य चिन्हे दिसतात.