केडगाव स्टेशनावरून

आमच्या ऑफिसात दरवर्षी 'समाजसेवेसाठी स्वयंसेवक हवेत' अशी मेल येते. गेल्या वर्षी मीही गेलो, झाडं लावली, फुकटचा टी-शर्ट घेऊन घरी आलो. त्या झाडांचं पुढं काय झालं, हे काही विचारलं नाही.

परवा दौंडला जाताना गाडी केडगावला थांबली आणि हे आठवून जरा ओशाळलो. कारण हे पंडिता रमाबाईंचं केडगाव.

शाळेत आपण वाचतो ते एवढंच, की रमाबाई संस्कृतच्या मोठ्या विदुषी, १८८९ साली मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. पण त्याआधीचं फारसं कुणी सांगत नाही. १८७० च्या दशकात दुष्काळ आणि उपासमारीत त्यांचे वडील, आई आणि थोरली बहीण एकापाठोपाठ गेले. आईला खांदा द्यायला चौथा माणूस मिळेना, म्हणून स्वतः रमाबाई पुढं झाल्या. उंची कमी पडली, तेव्हा तिरडीचा भार डोक्यावर घेतला.

याला वीसेक वर्षं झाली. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या वाचून रमाबाईंना घरात बसवेना. स्वतः तिकडं गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात तर प्लेगचे निर्बंध! मग केडगावला घेतलेल्या माळरानावर तंबू आणि छपरं उभी राहिली. तेच मुक्ती मिशन. १९०० च्या दुष्काळानंतर तिथं दीड हजारांहून जास्त जणी होत्या. शेती, विणकाम, छापखाना, सगळं त्याच चालवत.

धर्मांतरावरून त्यांच्यावर कडक टीका झाली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही बाजूला झाले. तो वाद खराच आहे, टाळण्यासारखा नाही. रमाबाई स्वतः आपल्या कामाचं श्रेय श्रद्धेलाच देत. पण मला वाटतं, त्या श्रद्धेच्याही आधी पोटातली भूक होती. उपाशी पोरगी दिसली की त्यांना स्वतःचंच घर दिसत असणार. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच त्या गेल्या.

आता मला कुठं असा दुष्काळ माहितीय, असं म्हणणार होतो. पण माझे आजोबा १९७२ साली शिरूरकडं दुष्काळी कामावर खडी फोडायचे. तिथं मिळणाऱ्या सुकडीची गोष्ट आम्ही लहानपणी हसत ऐकायचो. त्यांना मात्र कधी हसू आलेलं आठवत नाही.

म्हणजे प्रेरणा मेलमधून यायची गरज नव्हतीच. घरातच होती, मी विसरलो होतो इतकंच.

असो. येत्या शनिवारी त्या झाडांकडं चक्कर मारणार आहे. दोन-चार तरी जगली असतील तर पाणी घालून येईन.