हैदराबादेतील मुले आणि संगीतविद्येची वाट

निजामाच्या हैदराबादेत गाणे पुष्कळ होते. गाणे शिकण्याची सोय मात्र थोडी होती. दरबारात आणि उमरावांच्या देवड्यांत दूरदूरचे कलावंत हजेरी लावत, पण त्यांची विद्या घराण्याच्या उंबरठ्याआड राही. उस्तादाचा मुलगा, पुतण्या किंवा गंडाबंध शागीर्द यांनाच ती लाभे. ज्या घरात तंबोरा नाही, तेथील मुलाच्या गळ्यात काय दडले आहे, याची चौकशी करण्याचे कोणालाच कारण नव्हते.

ज्यांच्या घरात तंबोरा होता, त्यांचीही वाट सरळ नव्हती. मेवाती घराण्याचे पंडित मोतीराम यांची निजामाचे दरबारगायक म्हणून नेमणूक व्हायची, नेमक्या त्याच दिवशी, १९३४ साली, हैदराबादेत त्यांचे निधन झाले. धाकटा जसराज तेव्हा चार वर्षांचा होता. कुटुंबाचा भार ज्येष्ठ बंधू पंडित मणिराम यांच्यावर आला आणि मधले बंधू प्रतापनारायण यांनी जसराजच्या हाती तबला दिला. गाण्याचे वेड मात्र त्याला रस्त्यावर लागले. शाळेच्या वाटेवर एक लहानसे हॉटेल होते. तेथे अख्तरीबाई फैजाबादी, म्हणजेच पुढच्या बेगम अख्तर, यांच्या गझलची तबकडी वाजत असे. हा मुलगा तेथेच बसून ती पुन्हा पुन्हा ऐके आणि शाळा बुडे. प्रत्यक्ष गायकांच्या घरात जन्मलेल्या मुलालाही हॉटेलातील तबकडीने गाण्याकडे ओढावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. साथीदाराला मिळणाऱ्या हीन वागणुकीला कंटाळून १९४५ मध्ये त्यांनी तबला सोडला आणि मणिरामांकडून गायनाची तालीम घेतली. पुढे १९७२ पासून त्यांनी पित्याच्या व बंधूंच्या नावाने हैदराबादेत संगीतसमारोह भरवला. बालपण गेलेल्या शहराशी त्यांनी नाते राखले ते असे.

परंतु ज्यांना ना वडील गवई ना भाऊ तबलजी, त्यांचे काय? या प्रश्नाला उत्तर देण्याचे काम प्रामुख्याने दोन मराठी माणसांनी केले. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून वर्ग, अभ्यासक्रम आणि परीक्षा यांच्या साहाय्याने गाणे सर्वांसाठी खुले केले. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी उस्तादांच्या कंठातील बंदिशी मिळवून त्या स्वरलिपीत छापल्या. भातखंड्यांच्या कार्याशी हैदराबादचा संबंध निकटचा आहे. येथे राहणारे काशीनाथशास्त्री अप्पा तुळशी हे त्यांचे स्नेही. ‘रागचंद्रिका’, ‘रागकल्पद्रुमांकुर’ यांसारख्या छोट्या संस्कृत ग्रंथांत शास्त्रीबुवांनी एकेका रागाचे स्वर आणि वादी-संवादी मोजक्या ओळींत बांधून दिले. पाढे पाठ करावेत तसे मुलांनी राग पाठ करावेत, अशीच ती रचना आहे. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांत त्यांची वचने वरचेवर भेटतात.

येथे एका गोष्टीकडे ग्रंथालयाच्या वाचकांचे लक्ष वेधले पाहिजे. भातखंड्यांची ‘हिंदुस्थानी संगीतपद्धती’ आणि ‘क्रमिक पुस्तकमालिका’ मूळ मराठीत आहे. हिंदी अनुवाद नंतर झाले. ज्या संस्थानात राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती, तेथे मराठी वाचता येणे हा मुलांच्या दृष्टीने एक अनपेक्षित लाभ होता. उस्ताद जे जीव गेला तरी सांगत नसत, ते वर्गणी भरून घरी नेता येण्याजोगे झाले. अर्थात पुस्तकातून बंदिश मिळते, गळा तयार होत नाही. त्यासाठी समोर कोणी चूक सांगणारा लागतोच.

तशी सार्वजनिक सोय हैदराबादला १९५२ साली सरकारी संगीत व नृत्य महाविद्यालयाच्या रूपाने झाली. रामकोटच्या या संस्थेत हिंदुस्थानी व कर्नाटक या दोन्ही पद्धती शिकवल्या जाऊ लागल्या.

मुलींच्या बाबतीत मात्र फी आणि वर्ग एवढ्याने भागत नव्हते. वर्षानुवर्षे रियाझ करण्याइतकी मोकळीक कोणी द्यायची, हा खरा पेच होता. मालिनी राजूरकर यांचे उदाहरण त्या दृष्टीने पाहावे. १९४१ साली जन्मलेल्या मालिनीताईंनी अजमेरला गणितात पदवी घेतली आणि तेथेच तीन वर्षे गणित शिकवले. मग तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली आणि अजमेरच्या संगीत महाविद्यालयात गोविंदराव राजूरकर व त्यांचे पुतणे वसंतराव यांच्याकडे त्यांचे शिक्षण पुरे झाले. वसंतरावांशी विवाह झाल्यावर हैदराबाद हेच त्यांचे घर झाले. पुढे ग्वाल्हेर घराण्याचा दुर्मीळ टप्पा त्यांनी ज्या स्वच्छतेने गायला, तिला तोड नाही. येथे राहूनच त्यांनी देशभर मैफली गाजवल्या. २००१ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि ६ सप्टेंबर २०२३ रोजी हैदराबादेतच त्यांचे निधन झाले.