पडघ्याची मोजदाद

मुंबई-आग्रा रस्त्याने भिवंडी मागे टाकून शहापूरकडे निघालेल्या प्रवाशास पडघा हे गाव रस्त्याकाठची बाजारपेठ म्हणूनच परिचित असावे. परंतु 1999 च्या सुमारास महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने चंद्रपूरहून 752 किलोमीटर लांबीची, अधिक-उणे 500 किलोव्होल्ट दाबाची आणि 1500 मेगावॅट क्षमतेची एकदिश विद्युतवाहिनी येथे आणून पोहोचविली, तेव्हापासून या गावी एक निराळीच मोजदाद अहोरात्र चालू आहे.

कोळसा विदर्भात आणि विजेचे गिऱ्हाईक मुंबईच्या आसमंतात, हे त्या वाहिनीचे प्रयोजन. आलेला प्रवाह पुन्हा प्रत्यावर्ती करण्याचे काम थायरिस्टर नावाच्या अर्धवाहक स्विचांचे; एकट्यास एवढा दाब पेलवत नाही, म्हणून ‘व्हॉल्व’ म्हटल्या जाणाऱ्या प्रत्येक संचात ते रांगेने जोडलेले असतात, त्यांना चेतविणारा संकेत प्रकाशतंतूंतून जातो आणि प्रत्येकाच्या शाबूतपणाची वर्दी तशाच तंतूंतून नियंत्रणकक्षात परत येते. वर्दी आली तिथे 0 मांडावा, चुकली तिथे 1. रांगेत गरजेहून थोडे अधिक थायरिस्टर मुद्दाम शिलकीत ठेवलेले असल्यामुळे एखाद-दुसरा निकामी झाल्याने काम अडत नाही, दप्तरी नोंद तेवढी होते. शिल्लक सरली म्हणजे मात्र ‘ट्रिप’चा, म्हणजे प्रवाह बंद करण्याचा, हुकूम सुटतो. कोणता गेला हे दुरुस्ती करणाऱ्याने पाहावे. हुकुमास किती गेले एवढेच पुरते.

ही ‘किती’ची विद्या पडघ्याहून जुनी. 1951 साली मँचेस्टर विद्यापीठात बसविलेल्या फेरांटी मार्क 1 संगणकात शब्दातील, म्हणजे बिटांच्या एका ओळीतील, 1 मोजण्याची स्वतंत्र आज्ञाच होती. एकेक बिट सरकवीत मोजणे सोपे, पण वेळखाऊ. त्याहून देखणी रीत पूर्ण बेरजकाची, जो तीन बिट घेऊन त्यांतील एकांची संख्या दोन बिटांत सांगतो. सात बिटांपैकी तीन पहिल्याकडे, तीन दुसऱ्याकडे, त्या दोघांच्या बेरजा आणि उरलेला सातवा तिसऱ्याकडे, आणि तिघांचे हातचे चौथ्याकडे दिले की संपूर्ण गणती तीन बिटांत हाती येते. इतक्या कमी सामग्रीत इतके नेटके काम अभियांत्रिकीत क्वचितच पाहावयास मिळते. संगणकशास्त्रज्ञ वॉलेस यांनी 1964 मध्ये जलद गुणाकारासाठी सुचविलेला बेरजकांचा वृक्ष याच घटकांचा.

आता ही बेरीज स्वतंत्र परिपथाने केली काय, वा संगणकाच्या आज्ञावलीने केली काय, व्हॉल्वला त्याचे सोयरसुतक नाही. 2005 साली मंडळाचे विभाजन होऊन पडघ्याचे केंद्र महापारेषणकडे आले. वर्दी चुकलेले थायरिस्टर बदलण्यासाठी आजही वाहिनीचा संबंधित ध्रुव (अधिक वा उणे बाजू) बंद करण्याची रीतसर परवानगी घ्यावी लागते.