पडद्यामागचे गळे

गेल्या दिवाळीत फराळाचे ताट पुढे घेऊन बसलो असता माझ्या नातीने मला एक गाणे दाखविले. पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवर चार चित्रे गाऊ-वाजवू लागली. निळ्या केसांचा एक गायक, एक इरसाल चेहऱ्याचा बासवादक, एक धिप्पाड ढोलवाला आणि गिटार घेतलेली एक चिमुरडी जपानी पोर. मग ढोलवाल्याच्या डोक्यातून एक भूत निघून बोलू लागले आणि थडग्यांतून गोरिला उठून नाचावयास लागले!

“आजोबा, ह्यांतलं कुणीच खरं नाही बरं का!” नात म्हणाली.

“मग गातंय कोण?”

“ते कशाला हवंय तुम्हांला?”

चकलीचा तुकडा हातातच राहिला. प्रश्न साधा होता, पण मला तो सोडवेना.

मंडळी, ह्या वाद्यवृंदाचे नाव ‘गोरिलाझ’. 1998 साली लंडनमध्ये एकाच बिऱ्हाडात दोन मित्र राहत होते. एक ‘ब्लर’ ह्या वाद्यवृंदाचा नामांकित गायक डेमन अल्बर्न, दुसरा व्यंगचित्रकार जेमी ह्यूलेट. दूरचित्रवाणीवर दिवसरात्र चाललेली पोकळ, चकचकीत गाणी पाहून त्यांना वाटले, चेहरेच विकावयाचे, तर ते सरळ रेखाटलेलेच का नसावेत? अशा रीतीने टू-डी, मर्डॉक, रसेल आणि नूडल ही चौकडी जन्मास आली. 2000 साली पहिली छोटी ध्वनिमुद्रिका निघाली, आणि मार्च 2001 मध्ये ‘गोरिलाझ’ ह्याच नावाची पहिली मोठी. मी पाहिलेले ‘क्लिंट ईस्टवुड’ हे गाणे तिच्यातलेच. ब्रिटनच्या यादीत ते चौथ्या क्रमांकापर्यंत चढले. पुढे ह्या मुद्रिकेच्या सत्तर लाखांवर प्रती खपल्या.

त्या गाण्याच्या ठेक्याची गंमत ऐका. तो कुणा तालमीत घोटलेला नव्हे. ऑम्निकॉर्ड नावाच्या एका लहानशा विद्युत्-वाद्यात तो तयारच भरलेला होता. अल्बर्नने कळ दाबली, एवढेच! ही गोष्ट त्याने 2023 साली स्वतःच दाखवून दिली. भुताचे बोल मात्र हाडामांसाच्या माणसाचे, डेल ह्या अमेरिकन गायकाचे. चिमुरड्या नूडलच्या तोंडी आवाज होता मिहो हातोरी हिचा.

मार्च 2001 मध्येच लंडनच्या ‘स्काला’ नाट्यगृहात पहिला जलसा झाला. प्रेक्षकांपुढे पडदा, पडद्यावर चित्रे, आणि वाजविणारे सगळे पडद्यामागे! आपल्याकडे पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांमागेही असाच माणूस असतो, ह्याची मला आठवण झाली.

पण त्याबरोबरच दुसरीही एक आठवण झाली, आणि ती बोचली. 1949 साली ‘महल’ बोलपट आला. त्यातील ‘आयेगा आनेवाला’ची तबकडी निघाली, तेव्हा तिच्यावर गायिकेचे नाव छापले होते ‘कामिनी’. कामिनी हे मधुबालेच्या भूमिकेचे नाव! गाणारी होती लता मंगेशकर. श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली, तेव्हा कुठे खरे नाव लोकांस कळले. अल्बर्नने आपला चेहरा आपखुशीने झाकला होता. नाव त्याच्यापाशी आधीच होते. ज्या मुलीला अजून नाव मिळवावयाचे होते, तिचे नाव दुसऱ्यांनीच झाकले. पडदा दोन्हीकडे आहे, पण त्याची दोरी कोणाच्या हाती, ह्यावर सारे अवलंबून!

काळाने मात्र दोघांनाही पडद्याबाहेर आणले. 2010 सालच्या दौऱ्यात गोरिलाझचे वादक पडद्यापुढे येऊन वाजवू लागले. आणि 2025 साली त्यांच्या ‘द माउंटन’ ह्या मुद्रिकेची घोषणा झाली, तेव्हा गाणाऱ्यांच्या यादीत स्वच्छ अक्षरांत एक नाव होते: आशा भोसले. लताबाईंच्या धाकट्या भगिनी!

तेव्हा ह्या दिवाळीत नातीला मी एवढेच सांगणार आहे: “पोरी, चित्रे खुशाल बघ. पण गाणे संपले की, गातंय कोण, हे एकदा विचारीत जा.”