राजमार्ग आणि रहिवासी : लंडनमधील पार्किंग परवान्याच्या इतिहासाचा एक अभ्यास

प्रस्तावना

शहरातील रस्ता कोणाचा, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. रस्ता सार्वजनिक आहे, म्हणून तो सर्वांचा आहे, असे उत्तर कोणीही देईल. परंतु आपल्या घरासमोर एखाद्या अपरिचिताने दिवसभर मोटार उभी केली म्हणजे याच उत्तराबद्दल आपल्या मनात शंका निर्माण होते. ‘माझ्या दारासमोरची जागा’ या शब्दप्रयोगाला कायद्याचा आधार नसला, तरी पुण्या-मुंबईपासून लंडनपर्यंत तो सर्वत्र ऐकू येतो. रहिवासी पार्किंग परवाना ही पद्धत याच भावनेला कायद्याच्या चौकटीत बसविण्याच्या प्रयत्नातून आकाराला आली.

प्रस्तुत लेखात या पद्धतीचा लंडन शहरातील इतिहास तपासला आहे. लंडनची निवड करण्यामागे दोन कारणे आहेत. पहिले असे की, तेथील पार्किंग नियंत्रणाला सहा दशकांहून अधिक काळाचा सलग इतिहास आहे. दुसरे असे की, सार्वजनिक रस्त्याविषयीच्या भारतीय कायद्यातील अनेक संकल्पना इंग्लिश कायद्यातून आलेल्या आहेत. विवेचनाच्या ओघात अमेरिका व जपान येथील प्रत्येकी एका उदाहरणाशी तुलना केली असून अखेरीस महाराष्ट्रातील परिस्थितीचा विचार केला आहे. परवाना हा रस्त्यावरील मालकी हक्क नसून वाहतूक व्यवस्थापनासाठी दिलेली मर्यादित व सशर्त परवानगी आहे, आणि हा भेद जेथे पुसट होतो तेथे परवान्याचे रूपांतर विशेषाधिकारात होते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

राजमार्ग आणि तबेला

मोटारीचा शोध लागण्यापूर्वीच इंग्लंडच्या न्यायालयांसमोर हा प्रश्न आला होता. १८१२ मध्ये लंडनच्या चेरिंग क्रॉस भागात प्रवाशांची वाट पाहत रस्त्यावर बराच वेळ उभ्या राहणाऱ्या घोडागाड्यांच्या संदर्भात एक खटला चालला. मुख्य न्यायाधीश लॉर्ड एलेनबरो यांनी त्या वेळी, राजमार्गाचा कोणालाही तबेला करता येणार नाही, या आशयाचे मत नोंदविले. रस्ता हा ये-जा करण्यासाठी असतो. त्यावर थांबणे हे प्रवासाला आनुषंगिक असेल तेवढेच क्षम्य ठरते, असे तत्त्व त्यातून निघाले.

त्या काळातील श्रीमंतांच्या घरांमागे घोडे व गाड्या ठेवण्यासाठी ‘म्यूज’ या नावाने ओळखली जाणारी तबेल्यांची गल्ली असे. विसाव्या शतकात घोडे गेले आणि या तबेल्यांपैकी अनेकांचे राहत्या घरांत रूपांतर झाले. मध्यमवर्गाच्या एकाला एक लागून बांधलेल्या घरांना तर अशी सोय मुळातच नव्हती. त्यामुळे मोटार आली तेव्हा तिला उभे राहण्यासाठी घराच्या आवारात जागा उरली नव्हती, आणि ती रस्त्यावरच मुक्कामाला राहू लागली. एलेनबरो यांनी नाकारलेला तबेला अशा रीतीने कोणताही कायदा न करता अस्तित्वात आला.

मीटरचे आगमन

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये मोटारींची संख्या वेगाने वाढली. रस्त्याच्या कडेची जागा मर्यादित आहे, म्हणून तिला किंमत असली पाहिजे, हा विचार १९५६ च्या रस्ते वाहतूक कायद्याने मान्य केला. पार्किंग मीटरची कल्पना अमेरिकन होती. पहिला मीटर १९३५ मध्ये ओक्लाहोमा सिटी येथे बसविण्यात आला होता. ब्रिटनमधील पहिले मीटर १० जुलै १९५८ रोजी लंडनच्या मेफेअर भागात, ग्रोव्हनर चौकाच्या परिसरात, सुरू झाले. एका तासासाठी सहा पेन्स असा दर होता.

अंमलबजावणीचा भार पोलिसांना पेलण्यासारखा नव्हता. म्हणून सप्टेंबर १९६० मध्ये ‘ट्रॅफिक वॉर्डन’ हा नवा कर्मचारी लंडनच्या रस्त्यावर आला. पहिल्याच दिवशी, हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णावर उपचार करण्यासाठी गेलेल्या एका डॉक्टरच्या मोटारीवर दोन पौंड दंडाची नोटीस लावली गेली. लोकांनी नाराजी व्यक्त केल्यानंतर तो दंड माफ झाला. प्रसंग किरकोळ असला तरी त्यातून एक मूलभूत प्रश्न पुढे आला. रस्त्यावर थांबण्याची गरज सर्वांची सारखी नसते; मग कोणाची गरज आधी, हे कोणी आणि कोणत्या निकषावर ठरवावयाचे?

१९६३ मध्ये कॉलिन बुकॅनन यांचा ‘ट्रॅफिक इन टाउन्स’ हा अहवाल प्रसिद्ध झाला. शहरात मोटारींना अमर्याद वाव दिला तर शहराचे राहण्यायोग्य स्वरूप नष्ट होईल, आणि ते टिकवावयाचे असेल तर वाहतुकीवर मर्यादा घालावी लागेल, असा त्याचा आशय होता. १९६४ च्या स्मीड समितीच्या अहवालाने रस्त्याच्या वापरासाठी थेट किंमत आकारण्याची शक्यता तपासली. रस्त्याची जागा ही वाटून घ्यावयाची संपत्ती आहे, ही जाणीव या दोन्ही अहवालांमुळे धोरणकर्त्यांमध्ये रुजली.

परवान्याचा जन्म

मीटरमुळे एक अनपेक्षित अडचण उद्भवली. मीटर अल्पकाळ थांबणाऱ्यांसाठी होते. ज्याचे घरच त्या रस्त्यावर आहे त्याला दर दोन तासांनी मोटार हलविणे अशक्य होते. शिवाय मीटर असलेल्या क्षेत्राच्या सीमेबाहेर, जेथे पार्किंग अद्याप विनामूल्य होते, तेथे नोकरीसाठी येणाऱ्यांच्या मोटारी सकाळपासून उभ्या राहू लागल्या. त्या भागातील रहिवाशांनी नियंत्रणाची मागणी केली, की सीमा पुढे सरके आणि तीच तक्रार पुढच्या वस्तीत सुरू होई. पाण्यात खडा टाकल्यावर उठणाऱ्या तरंगांप्रमाणे ‘नियंत्रित पार्किंग क्षेत्रे’ मध्य लंडनपासून उपनगरांकडे पसरली. विशिष्ट क्षेत्रातील रहिवाशाने स्थानिक परिषदेकडे, म्हणजेच बरोकडे, वार्षिक शुल्क भरून त्या क्षेत्रात मोटार उभी करण्याचा परवाना घ्यावा, ही पद्धत या प्रक्रियेतच रूढ झाली.

परवान्याने विशिष्ट जागा राखून ठेवली जात नाही, ही गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे. परवानाधारकाला जागा शोधण्याची मुभा मिळते. जागेची हमी मिळत नाही. १९८४ च्या रस्ते वाहतूक नियमन कायद्याने या पद्धतीला आजचे स्वरूप दिले. पार्किंगच्या जागा ठरविताना वाहतुकीचे हित आणि लगतच्या मालमत्तांचे मालक व भोगवटादार यांचे हित, या दोहोंचा विचार करणे या कायद्याने बंधनकारक केले. रहिवाशाचे हित हा विचारात घ्यावयाचा एक घटक झाला. तो सर्वोच्च घटक झाला नाही.

बाहेरच्यांना वगळून रहिवाशांना प्राधान्य देणे समानतेच्या तत्त्वात बसते काय, हा प्रश्न याच काळात अमेरिकेत उपस्थित झाला. व्हर्जिनिया राज्यातील आर्लिंग्टन परगण्याने व्यापारी संकुलालगतच्या एका निवासी वस्तीत, कामाच्या दिवशी सकाळी ८ ते सायंकाळी ५ या वेळेत, परवान्याशिवाय पार्किंगला मनाई केली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा भेदभाव घटनाबाह्य ठरविला. परंतु ऑक्टोबर १९७७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. प्रदूषण, गोंगाट व गर्दी कमी करणे हा वैध हेतू असून रहिवासी व बाहेरचे असा फरक त्या हेतूशी सुसंगत आहे, असे न्यायालयाने म्हटले. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ संबंधी आपल्या न्यायालयांनी विकसित केलेल्या वाजवी वर्गीकरणाच्या कसोटीशी या युक्तिवादाचे साम्य आहे. प्राधान्याचे समर्थन हेतूवर अवलंबून असते. केवळ तेथे राहण्यावर नव्हे.

व्यवस्थापन की महसूल?

१९९१ च्या कायद्याने पार्किंगचे बहुतांश नियमभंग फौजदारी गुन्ह्यांच्या कक्षेतून बाहेर काढले आणि १९९४ पर्यंत लंडनमधील अंमलबजावणी बरोंकडे आली. दंडाविरुद्ध दाद मागण्यासाठी स्वतंत्र निवाडा अधिकारी नेमले गेले. दंडाचे उत्पन्न आता स्थानिक परिषदेकडे जमा होऊ लागल्याने नवा मोह निर्माण झाला. जो नियम करतो, तोच दंड वसूल करतो आणि त्याच पैशावर आपला खर्च भागवितो, अशी स्थिती निर्माण झाली तर नियमाचा हेतू शुद्ध राहील काय?

कॅम्डेन बरोविषयीच्या १९९५ च्या निर्णयात न्यायालयाने स्पष्ट केले की, १९८४ चा कायदा हा कर बसविण्याचा कायदा नाही. बार्नेट बरोने २०११ मध्ये रहिवाशांच्या पहिल्या परवान्याचे शुल्क ४० पौंडांवरून १०० पौंड आणि पाहुण्यांसाठीच्या कुपनाची किंमत १ पौंडावरून ४ पौंड केली. अतिरिक्त उत्पन्न इतर वाहतूकविषयक खर्चासाठी वापरण्याचा उद्देश होता. जुलै २०१३ मध्ये न्यायमूर्ती लँग यांनी ही वाढ बेकायदेशीर ठरविली. परवान्याची किंमत पार्किंगच्या व्यवस्थापनाशी निगडित असली पाहिजे, हे तत्त्व त्यामुळे दृढ झाले.

रहिवासी असणे म्हणजे हक्क असणे काय?

न्यायालयांनी परिषदांच्या अधिकाराला मर्यादा घातल्या, तशाच रहिवाशांच्या अपेक्षेलाही मर्यादा पडल्या. १७ फेब्रुवारी २००३ रोजी मध्य लंडनमध्ये पाच पौंडांचे गर्दी शुल्क लागू झाले. क्षेत्रातील रहिवाशांना त्यात ९० टक्के सवलत होती. २००७ मध्ये हे क्षेत्र पश्चिमेकडे, केन्सिंग्टन व चेल्सीच्या संपन्न वस्तीपर्यंत, वाढविण्यात आले. नव्याने सवलतीस पात्र ठरलेल्या तेथील रहिवाशांना आता मध्यवर्ती भागातही अत्यल्प दरात मोटार नेता येऊ लागली, अशी टीका झाली. गर्दी कमी करण्याच्या साधनातून मोटारीच्या वापराला उत्तेजन मिळण्याचा हा विरोधाभास होता. हा पश्चिम विस्तार २०१०-११ च्या हिवाळ्यात रद्द झाला.

दुसरी मर्यादा नव्या इमारतींबाबत होती. जेथे सार्वजनिक वाहतूक चांगली आहे तेथे नव्या सदनिकांना परवानगी देताना, तेथील रहिवाशांना पार्किंग परवाना मिळणार नाही, अशी अट अनेक बरो घालू लागले. केन्सिंग्टन व चेल्सी बरोची अशी अट २०१७ मध्ये अपील न्यायालयाने १९७४ च्या लंडनविषयक कायद्याच्या आधारे वैध ठरविली. एखाद्या रस्त्यावर राहणे एवढ्यावरून परवान्याचा हक्क प्राप्त होत नाही, हे त्यामुळे निश्चित झाले. मात्र त्याची दुसरी बाजूही आहे. जुन्या घरात राहणाऱ्याकडे परवाना राहतो आणि नव्याने येणाऱ्याला तो नाकारला जातो. टंचाईचा भार उशिरा आलेल्यावर पडतो, ही विषमता या पद्धतीतून पूर्णपणे दूर झालेली नाही.

जपानने याच्या उलट मार्ग निवडला. तेथील १९६२ च्या कायद्यानुसार मोटार ठेवण्यासाठी रस्त्याबाहेर जागा असल्याचे, पोलिसांकडून प्रमाणित केलेले, प्रमाणपत्र वाहनधारकाला सादर करावे लागते. आजच्या नियमाप्रमाणे ही जागा निवासापासून दोन किलोमीटरच्या आत असावी लागते. रात्री आठ तासांहून अधिक काळ मोटार रस्त्यावर एकाच ठिकाणी ठेवण्यासही तो कायदा मनाई करतो. लंडनने रस्त्यावरील तबेल्याचे नियमन केले, तर जपानने तो निर्माण होण्यापूर्वीच नाकारला.

महाराष्ट्राच्या संदर्भात

पुण्यातील पेठा किंवा मुंबईतील चाळी यांची स्थिती लंडनच्या जुन्या घरांसारखीच आहे. त्या मोटारीच्या आधीच्या आहेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ ने पार्किंगच्या जागा निश्चित करण्याचा अधिकार शासनाला दिला आहे, आणि पार्किंग शुल्क जागेच्या खऱ्या मूल्याशी निगडित असावे, असे २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने म्हटले होते. पुणे महानगरपालिकेने २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केले, परंतु तीव्र विरोधामुळे त्याची व्याप्ती मोजक्या रस्त्यांपुरती सीमित करावी लागली. मुंबईत २०१९ मध्ये सार्वजनिक वाहनतळांच्या परिसरात रस्त्यावर वाहन उभे करणाऱ्यांकडून मोठा दंड आकारण्यास सुरुवात झाली. २०२५ मध्ये राज्याच्या परिवहनमंत्र्यांनी, पार्किंगची जागा असल्याशिवाय नव्या मोटारीची नोंदणी होऊ नये, अशी जपानच्या वळणाची भूमिका जाहीर केली.

या चर्चेत एक बाजू सहसा दुर्लक्षित राहते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार रस्त्याच्या कडेला भाजी विकणाऱ्याला विक्री प्रमाणपत्र लागते, त्याचे क्षेत्र ठरविले जाते आणि त्याच्याकडून शुल्क घेतले जाते. त्याच रस्त्यावर त्याच्या हातगाडीहून अधिक जागा व्यापणारी खासगी मोटार मात्र बहुतेक ठिकाणी कोणत्याही परवान्याविना रात्रंदिवस उभी राहू शकते. उपजीविकेसाठी रस्ता वापरणाऱ्याला जी शिस्त लागू आहे, ती सोयीसाठी रस्ता वापरणाऱ्याला लागू नसणे, हे सामाजिक न्यायाच्या दृष्टीने समर्थनीय ठरत नाही.

समारोप

लंडनच्या इतिहासावरून काही निष्कर्ष निघतात. रहिवासी परवाना ही वाहतूक व्यवस्थापनाची उपयुक्त पद्धत आहे. परंतु क्षेत्राची स्पष्ट सीमा, हेतूशी सुसंगत शुल्क, लोकांशी खरा विचारविनिमय आणि दाद मागण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा, या चार गोष्टी असल्या तरच ती न्याय्य ठरते. यांपैकी एकाचाही अभाव असेल तर परवाना प्रशासनासाठी उत्पन्नाचे साधन किंवा मोटारधारकांसाठी वतन होण्याचा धोका असतो. आपल्या शहरांतून पुढील काळात अशी धोरणे येतील तेव्हा शुल्क किती, या प्रश्नावरच वाद केंद्रित होण्याची शक्यता आहे. त्याआधी रस्ता कोणत्या हेतूने आणि कोणाकोणात वाटावयाचा, हे ठरविणे आवश्यक आहे. ज्याच्याकडे मोटार नाही असा पादचारीही त्या रस्त्याचा रहिवासीच आहे, याचे भान हा निर्णय घेताना ठेवावे लागेल.