बाईंच्या मोबाईलमधली शाळा

सायबर स्वच्छता, म्हणजे डिजिटल वापरातल्या सुरक्षित सवयी, म्हटले की बँका आठवतात, संगणक कंपन्या आठवतात. गोव्याच्या फोंडा तालुक्यातली एखादी एकशिक्षकी सरकारी प्राथमिक शाळा कुणाला आठवत नाही. या विषयाचा अभ्यास करू पाहणाऱ्याने मात्र सुरुवात तिथूनच करावी, असे मी म्हणेन.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि पालकांचे व्हॉट्सॲप ग्रुप सुरू झाले. शाळा उघडल्या, ग्रुप राहिले. गृहपाठ त्यावरच, स्नेहसंमेलनाचे फोटो त्यावरच. मुलाच्या आधार कार्डाची झेरॉक्स आणायला विसरलेला पालक कार्डाचा फोटो काढून सरळ ग्रुपवर टाकून मोकळा होतो. शाळांची माहिती नोंदवण्याच्या ‘यूडायस प्लस’ या सरकारी पोर्टलवर दरवर्षी मुलांची नावे, जन्मतारखा, आईवडिलांची नावे भरायची, तीही बहुधा बाईंच्या स्वतःच्या मोबाईलवरून. तोच मोबाईल संध्याकाळी घरच्या मुलाच्या हातात गेमसाठी. पासवर्ड हजेरीपटाच्या मागच्या पानावर. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आणि त्याच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीचे तत्त्व घातले. हे सगळे बाईंना कुणी समजावून सांगितले आहे का?

अशा वेळी शिक्षकांना ‘निष्काळजी’ ठरवणे सोपे असते. ॲन ॲडम्स आणि अँजेला सासे या संशोधकांनी १९९९ मध्येच दाखवून दिले होते की, माणसे सुरक्षेचे नियम मोडतात ती बेपर्वाईने नव्हे, तर ते नियम त्यांच्या कामात बसत नाहीत म्हणून. चार यत्ता एका खोलीत सांभाळणाऱ्या बाईंना हे सांगायला संशोधक कशाला हवा! म्हणून ‘तुम्ही मजबूत पासवर्ड वापरता का?’ अशा प्रश्नावलीवर माझा फारसा भरवसा नाही. ‘होय’वर खूण करायला काय लागते? माहिती आहे की नाही, यापेक्षा सवय आहे की नाही, हे पाहायला हवे. त्यासाठी शाळेत बसून दिवसभराचे काम पाहावे लागते.

फोंड्यात मराठी आणि कोकणी माध्यमांच्या शाळा शेजारीशेजारी आहेत, सुरक्षेच्या सूचना मात्र बहुतेक इंग्रजीत येतात. या अभ्यासात येणाऱ्यांनी आपली साधने आधी या दोन भाषांत तयार करावीत. आणि शाळेत जाल तेव्हा ऑनलाइन आर्थिक फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेला १९३० हा हेल्पलाइन क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात लिहून या. अभ्यास पुरा होईपर्यंत तेवढा तरी उपयोगी पडेल.