जहाजाच्या यादीतला माणूस

अमेरिकेत आज ‘मिलर’ आडनावाची लाखो माणसे आहेत. त्यांतल्या पुष्कळांचा पूर्वज जर्मनीतला ‘म्युलर’, म्हणजे आपल्या भाषेत गिरणीवाला. तो कोणत्या गावचा? प्रश्न साधा दिसतो खरा. पण जन्म-लग्न-मृत्यूच्या जुन्या नोंदी तिकडे गावच्या चर्चच्या वहीत असतात, आणि गिरणीवाले तर गावोगाव! गावाचे नाव मिळेपर्यंत शोधणाऱ्याचे पाऊल पुढे पडत नाही.

पेनसिल्व्हेनियात तेव्हा इंग्रजांचा अंमल होता. जर्मन फार येऊ लागले म्हणून सरकार धास्तावले, आणि १७२७ पासून फिलाडेल्फिया बंदरात उतरणाऱ्या जर्मन पुरुषांकडून राजनिष्ठेची शपथ व सही घेऊ लागले. त्या याद्या टिकल्या. १९३४ साली छापूनही निघाल्या. मात्र सह्या सोळा वर्षांवरील पुरुषांच्याच. बायकामुलांना त्या कागदावर जागा नाही. ज्याला लिहिता येत नसे तो नुसती खूण करी, आणि कारकून ऐकू येईल तसे नाव उतरवी. शिक्षक मंडळींना हा प्रकार नवा नाही! म्हणून शोधणारा आधी त्या माणसाच्या हातची सही पाहतो. तिथे नाव खरे मिळते, पण गाव मिळत नाही.

पुढे एकोणिसाव्या शतकात हॅम्बुर्ग बंदराने हे काम नीट केले. १८५० ते १९३४ पर्यंतच्या तिथल्या याद्या बऱ्याच शाबूत आहेत. नाव, वय, धंदा आणि मुख्य म्हणजे राहण्याचे गाव. इंग्लंडात हलला उतरून, आगगाडीने लिव्हरपूल गाठून पुढे गेलेल्यांच्या याद्या वेगळ्या. त्या चाळायला विसरू नये. ब्रेमेनची गोष्ट मात्र ऐकवत नाही. तिथून लाखो माणसे गेली, आणि कचेरीत जागा नाही म्हणून जुन्या याद्या नष्ट केल्या. उरल्यासुरल्यांतल्या बहुतेक दुसऱ्या महायुद्धात गेल्या. जागा नाही म्हणून! इतिहास शिकवणाऱ्याच्या जिवाला हे लागतेच.

मग ब्रेमेनवाल्याच्या वंशजाने काय करावे? अमेरिकेतील उतरण्याच्या यादीत बहुधा नुसते ‘जर्मनी’ लिहिलेले. तेव्हा तिथल्या जर्मन चर्चची दफनाची वही बघावी, थडग्यावरचा मजकूर वाचावा. कधी कधी गाव तिथे सापडते. तेही नसेल तर जर्मनीतली सरकारी दप्तरे आहेत. देश सोडायला परवानगी लागे, त्याआधी देणी फेडावी लागत, आणि त्याचे कागद होत. परवानगी न घेता रातोरात निघून गेलेलाही कधी कधी दप्तरात भेटतो. त्याच्या वाट्याची मालमत्ता सरकारजमा केल्याच्या नोंदीत त्याचे नाव असते, आणि गावाचेही.